नॉर्वेत सॅल्मनचे पिंजरे टाकायचे असतील तर: परवाना, कागदपत्रं आणि नदीच्या माशाचा हिशेब

नॉर्वेच्या समुद्रात सॅल्मन पाळायचा तर दोन वेगळ्या मंजुऱ्या लागतात, आणि नव्या माणसाचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. पहिली मंजुरी मासा वाढवण्याच्या हक्काची. ती टनांत मोजतात. दुसरी जागेची, म्हणजे अमुक फ्योर्डमध्ये (डोंगरांमधून आत शिरलेल्या अरुंद, खोल खाडीत), अमुक अक्षांश-रेखांशावर पिंजरे टाकायला हरकत नाही अशी. एक आहे आणि दुसरी नाही, तर पाण्यात एक मासाही सोडता येत नाही. दोन्हींचा आधार 2005 चा मत्स्यपालन कायदा.

मत्स्यशास्त्र शिकून तिकडच्या कंपन्यांत गेलेल्यांच्या टेबलावर या फायली येतातच. पण मुंबईत नॉर्वेचा सॅल्मन विकत घेणाऱ्यालाही त्यामागची सरकारी देखरेख कशी चालते हे माहीत असायला हरकत नाही. कारण ही सगळी प्रक्रिया ज्याच्याभोवती फिरते तो मासा पिंजऱ्यातला नाही. तो नदीत जन्मणारा, समुद्रात वाढणारा आणि अंडी घालायला पुन्हा नदीत परतणारा जंगली सॅल्मन आहे. 1980 च्या दशकात असे दहा लाखांहून जास्त सॅल्मन दरवर्षी नॉर्वेच्या किनाऱ्याला परतत. आता त्याच्या निम्मेही येत नाहीत. 2024 च्या जून महिन्यात तर मासे इतके कमी आले की सरकारने ऐन हंगामात 33 नद्यांतली मासेमारी बंद केली. समुद्र तापतोय, तिथलं खाद्य बदलतंय, ही कारणं आहेतच. पण नॉर्वेच्या सॅल्मनविषयक वैज्ञानिक सल्लागार परिषदेच्या अहवालांत माणसामुळे येणाऱ्या धोक्यांत वरच्या जागा मत्स्यपालनाच्या आहेत: पिंजऱ्यांतून पसरणाऱ्या उवा, म्हणजे माशाच्या अंगाला चिकटून जगणारे बारीक परजीवी, आणि पिंजऱ्यांतून पळालेले मासे.

परवाना: कुणाला, किती, कितीला

अर्जदार व्यक्ती असो वा कंपनी, नॉर्वेत रीतसर नोंदणी हवी आणि परवाना मत्स्यपालन नोंदवहीत चढलेला हवा. एका सर्वसाधारण परवान्यावर 780 टन मासा ठेवता येतो. उत्तरेच्या ट्रॉम्स आणि फिनमार्कमध्ये 945 टन. हा आकडा वर्षाच्या उत्पादनाचा नव्हे. कोणत्याही दिवशी पाण्यात असलेल्या जिवंत माशाचं एकूण वजन त्याच्या वर जाता कामा नये, असा त्याचा अर्थ. मासा कापून बाहेर काढला की तेवढी जागा मोकळी.

मनात आलं आणि अर्ज टाकला, असं इथे चालत नाही. सॅल्मनचे परवाने सरकार ठरवेल तेव्हा आणि तेवढेच निघतात. वाढीव क्षमतेचा काही हिस्सा ठरलेल्या दराने देतात, उरलेल्याचा लिलाव होतो. 2018 मध्ये ठरलेला दर टनाला 1,20,000 क्रोन (नॉर्वेचं चलन) होता. त्या दराने 780 टनांचे 9 कोटी 36 लाख क्रोन होतात, आणि लिलावात भाव याच्याही वर गेला. त्यामुळे छोट्या अर्जदाराच्या दृष्टीने हा दरवाजा जवळपास बंदच. बहुतेक जण चालू परवाना विकत घेऊन नोंदवहीत नावावर करून घेतात. परवाना हस्तांतरित करता येतो, बँकेकडे तारणही ठेवता येतो.

संशोधन, शिक्षण, प्रजनक मासे आणि पर्यटकांना मत्स्यपालन दाखवण्याची केंद्रं यांच्यासाठी खास परवाने आहेत. काही माध्यमिक शाळांच्या नावावर सॅल्मनचा परवाना आहे, आणि तिथली मुलं खऱ्या पिंजऱ्यावर काम शिकतात. मात्र हे परवाने त्या कामापुरतेच. संशोधनाच्या नावाखाली व्यापार वाढवता येत नाही.

अर्जाआधी रंग बघा

2017 पासून किनारा 13 उत्पादन क्षेत्रांत वाटलेला आहे, दक्षिणेच्या स्वीडनच्या हद्दीपासून थेट रशियाच्या सीमेपर्यंत. दर दोन वर्षांनी प्रत्येक क्षेत्राला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग मिळतो. हिरव्यात क्षमता 6 टक्क्यांपर्यंत वाढवायची संधी. पिवळ्यात आहे तेवढंच. लाल क्षेत्रात असलेली क्षमताच 6 टक्क्यांनी कापता येते.

रंग ठरतो तो एका प्रश्नावर. वसंतात नदीतून समुद्राकडे निघालेल्या कोवळ्या जंगली सॅल्मनपैकी किती जण उवांमुळे मरतात? 10 टक्क्यांच्या आत असेल तर हिरवा, 10 ते 30 असेल तर पिवळा, 30 च्या वर गेला तर लाल. या पिल्लांना स्मोल्ट म्हणतात. वजन साधारण 20 ग्रॅम, खवले नुकतेच रुपेरी झालेले. पिंजऱ्यातल्या चार-पाच किलोच्या माशाच्या अंगावर पाच-सहा उवा असल्या तर त्याचं फारसं बिघडत नाही. पण 20 ग्रॅमच्या स्मोल्टला सहाहून जास्त उवा चिकटल्या की शास्त्रज्ञ तो मेलाच असं धरून गणित मांडतात. उवा त्याची त्वचा आणि श्लेष्मा खातात, जखमेतून खारं पाणी आत शिरतं, आणि त्याच्या शरीरातलं क्षारांचं गणित बिघडतं.

सागरी संशोधन संस्था, निसर्ग संशोधन संस्था आणि पशुवैद्यकीय संस्था यांचे तज्ज्ञ मूल्यमापन करतात. शेवटचा शिक्का मात्र व्यापार, उद्योग व मत्स्य मंत्रालयाचा. 2020 मध्ये पश्चिम किनाऱ्यावरची चौथं आणि पाचवं ही लागून असलेली दोन क्षेत्रं लाल ठरली आणि क्षमतेला पहिल्यांदा कात्री लागली. उत्पादकांनी कोर्टात दाद मागितली, पण निर्णय सरकारच्या बाजूने टिकला.

माझ्या मते या व्यवस्थेत सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. जागेची फाईल एका पिंजऱ्यापुरती असते, पण उवांची पिल्लं प्रवाहाबरोबर कित्येक किलोमीटर वाहत जातात. प्रत्येक मालक आपल्या मर्यादेत राहूनही सगळे मिळून फ्योर्डमधले स्मोल्ट संपवू शकतात. म्हणून हिशेब क्षेत्राचा ठेवावा लागला. खटकतं ते एवढंच की रंग ठरवताना फक्त उवा मोजतात. पळून गेलेल्या माशांमुळे नदीतल्या माशांच्या वंशात झालेली भेसळ रंगात धरलीच जात नाही.

एक सूटही आहे. क्षेत्राचा रंग कोणताही असो, एखाद्या जागेवर उवा सातत्याने अगदी नगण्य असतील आणि औषधोपचार जवळपास करावाच लागला नसेल, तर तिथे वाढ मागता येते. अर्थात आकडे नीट सिद्ध करावे लागतात.

जागेचा अर्ज आणि सोबतची कागदपत्रं

हा अर्ज फिल्केस्कोम्यूनेकडे जातो, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या निवडून आलेल्या संस्थेकडे. फाईल फिरवायचं काम तिचं. आपल्याकडे ‘एक खिडकी’ म्हणतात तसंच, फरक इतकाच की खिडकीच्या आत चार-पाच कार्यालयं खरोखर बसलेली असतात.

अर्जासोबत शुल्क भरल्याची पावती, सागरी नकाशावर जागा आणि नांगराच्या दोऱ्या कुठवर जातात त्याची खूण, पिंजऱ्यांचा आराखडा आणि समुद्रतळाचा उंचसखलपणा दाखवणारं मोजमाप लागतं. पाण्याच्या प्रवाहाची मोजणी वेगवेगळ्या खोलीवर करावी लागते, कारण विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुठे साठणार हे त्यावरून कळतं. तळातली माती आणि त्यातले जीव तपासणारा पर्यावरण अहवाल ठरलेल्या राष्ट्रीय मानकानुसारच हवा. रोग, सामूहिक मरतूक आणि मासे पळणं यांसाठीची आपत्कालीन योजना, तसंच अंतर्गत नियंत्रणाची पद्धत लेखी द्यावी लागते. प्रकल्प मोठा असेल तर पर्यावरणीय परिणामांचा स्वतंत्र अभ्यास मागतात. अर्ज रखडतात ते बहुधा अपुऱ्या प्रवाहमोजणीमुळे किंवा जुन्या तळ-अहवालामुळे. त्यात काटकसर करू नका.

पहिली कसोटी नगरपालिकेच्या, म्हणजे कोम्यूनेच्या, किनारा आराखड्याची. त्या आराखड्यात ती जागा मत्स्यपालनासाठी राखलेली नसेल, तर एक तर आराखडा बदलून घ्यायचा किंवा खास सूट मिळवायची. याच टप्प्यावर अर्ज चार आठवडे लोकांसाठी खुला असतो. त्यानंतर अन्नसुरक्षा प्राधिकरण माशांचं आरोग्य आणि शेजारच्या पिंजऱ्यांपासूनचं अंतर बघतं. राज्याचा जिल्ह्यातला प्रतिनिधी प्रदूषणाचा परवाना देतो आणि नदीच्या सॅल्मनबद्दल मत नोंदवतो. किनारा प्रशासन जहाजांच्या वाटा तपासतं. मत्स्य संचालनालय मासेमारांची बाजू आणि माशांची प्रजननस्थळं बघतं. यातल्या कायद्याने आवश्यक असलेल्या परवान्यांपैकी एक जरी नाकारला गेला, तरी फिल्केस्कोम्यूनेला मंजुरी देता येत नाही. नियमात या सगळ्याला 22 आठवडे दिले आहेत, त्यातले 12 कोम्यूनेचे. वाद निघाला तर फाईल यापेक्षा रेंगाळते.

काही जागी अर्ज करण्यात अर्थच नाही. संसदेने 52 राष्ट्रीय सॅल्मन नद्या आणि 29 राष्ट्रीय सॅल्मन फ्योर्ड ठरवले आहेत. त्या फ्योर्डांत सॅल्मनच्या नव्या पिंजऱ्यांना परवानगी नाही. यादी आधी बघून घ्या, प्रवाहमोजणीवर पैसे नंतर घाला.

मंजुरीनंतरची देखरेख

पिंजरे, दोऱ्या आणि तरंगते सांगाडे त्या जागेच्या लाटा-वाऱ्याला टिकतील, असं मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय मासे सोडायचे नाहीत. एका पिंजऱ्यात 2 लाखांहून जास्त मासे नकोत, आणि एका घनमीटर पाण्यात 25 किलोपेक्षा जास्त मासा नको. कामगारांना मत्स्यकल्याणाचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, दर पाच वर्षांनी पुन्हा.

उवांची मोजणी हे आठवड्याचं ठरलेलं काम. पाणी 4 अंशांच्या वर असेल तर किमान दर सात दिवसांनी. जाळ्याने काही मासे वर काढतात, गुंगीच्या औषधाच्या टबात टाकतात आणि हातात धरून एकेक मासा तपासतात: चिकटलेल्या बारीक उवा वेगळ्या, फिरणाऱ्या वेगळ्या, आणि शेपटीसारख्या दोन अंड्यांच्या माळा लोंबणाऱ्या प्रौढ माद्या वेगळ्या. माशागणिक सरासरी 0.5 प्रौढ मादी ही मर्यादा. स्मोल्ट समुद्राकडे निघतात त्या वसंतातल्या सहा आठवड्यांत ती 0.2 वर येते. दक्षिणेकडे हे आठवडे आधी येतात, उत्तरेला नंतर. टबाच्या तळाशी पडलेल्या उवाही मोजायच्या असतात, कारण हाताळताना त्या गळतात. आकडे मंगळवारपर्यंत प्राधिकरणाकडे जातात आणि बॅरेंट्सवॉच या सरकारी संकेतस्थळावर जागेच्या नावासकट कुणालाही दिसतात. कंपनीच्या जाहिरातीपेक्षा हे पान बघावं.

मर्यादा ओलांडली की उपचार करायचे. तेवढ्याने भागलं नाही तर मासा वेळेआधी कापायचा आदेश येऊ शकतो. त्यापुढे दररोज वाढणारा दंड आहे, क्षमता कमी करणं आहे.

मासे पळाल्याची नुसती शंका आली तरी मत्स्य संचालनालयाला ताबडतोब कळवायचं. खात्री होईपर्यंत थांबणं हाही गुन्हाच. पळालेले मासे पिंजऱ्यांच्या 500 मीटरच्या आत जाळी टाकून परत पकडायची जबाबदारी मालकाची. हे मासे नदीत शिरून तिथल्या माशांशी जोडी जमवतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या भराभर वाढण्यासाठी निवडलेला वंश नदीच्या माशात मिसळतो. नॉर्वेत तपासलेल्या नद्यांपैकी साधारण दोन तृतीयांश नद्यांत अशी मिसळ आढळली आहे. खवल्यावरच्या वाढीच्या रेषांवरून मासा पिंजऱ्यातला की नदीचा हे ओळखता येतं. नदीत पळपुट्यांचं प्रमाण 10 टक्क्यांवर गेलं, तर ते बाहेर काढण्याची उपाययोजना होते. तिचा खर्च परवानाधारकांनी मिळून उचलायचा, असा नियम 2015 पासून आहे.

हरकत आणि अपील

हरकत घ्यायला त्या गावात राहायला हवं असं नाही. खुल्या चार आठवड्यांत नदीच्या मालकांची संघटना, मासेमार, पर्यटन व्यावसायिक किंवा कुणीही लेखी मत देऊ शकतं. ‘मत्स्यपालन वाईट’ एवढंच लिहिलं तर फारसं वजन पडत नाही. कोणत्या नदीचे स्मोल्ट त्या जागेसमोरून जातात, बॅरेंट्सवॉचवर शेजारच्या पिंजऱ्यांचे वसंतातले आकडे किती आहेत, प्रवाह नदीच्या मुखाकडे जातो की बाहेर, असं लिहिलेल्या पत्राची दखल घ्यावी लागते. अर्जदाराचा प्रवाह-अहवाल मागून घ्या, पर्यावरणविषयक माहिती मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे.

फिल्केस्कोम्यूनेचा निर्णय हाती आल्यापासून तीन आठवड्यांत अपील करायचं. ते दाखल करायचं निर्णय देणाऱ्या कार्यालयातच. तिथे निर्णय बदलला नाही तर फाईल मत्स्य संचालनालयाकडे जाते. प्रदूषणाच्या किंवा अन्नसुरक्षेच्या परवान्यावर आक्षेप असेल तर अपिलाचा मार्ग वेगळा, त्या त्या खात्याच्या वरच्या कार्यालयाकडे.

2025 मध्ये सरकारने रंगांची पद्धत मोडून नवी व्यवस्था आणण्याचा आराखडा संसदेपुढे ठेवला. त्यामुळे क्षमतेबद्दलचे नियम अर्ज करण्याच्या दिवशी मत्स्य संचालनालयाच्या संकेतस्थळावरून पुन्हा तपासा. जागेच्या अर्जाचा नमुना आणि शुल्कही तिथेच मिळेल.