गिरगावची वाडी कुठून कुठवर? नकाशे, चतुःसीमा आणि सांगोवांगी

गिरगावात कुणालाही वाडी कुठे म्हणून विचारले तर बोट चाळीकडे जाते. पण वाडी हा मुळात इमारतींचा शब्दच नाही, तो जमिनीचा शब्द आहे. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावे पडली तेव्हा तिथे माड, पोफळी, विहिरी आणि तुरळक घरे होती. चाळी नंतर आल्या, आणि आता त्या पडून टॉवर उभे राहत आहेत. या सगळ्यात सर्वांत कमी बदलली ती बागेची हद्द. गिरगावचा भूतकाळ शोधायचा तर घराच्या वयामागे न लागता कुंपणाची रेघ शोधावी लागते. नकाशा ती रेघ देतो. रेघेचे नाव मात्र बहुधा माणसांकडूनच मिळते. साल दोघांकडूनही सहजी मिळत नाही, ते वेगळे काढावे लागते.

बागायतीला पोर्तुगीज शब्द ‘ओर्ता’. इंग्रजांनी तोच थोडा मोडून ‘ओर्ट’ असा आपल्या दफ्तरात घेतला. मुंबईच्या जुन्या खतांत (जमिनीच्या दस्तांत) ‘अमक्याचे ओर्ट’ असे आले की ती वाडी समजावी. गोव्यात माडाच्या बागेला आजही भाट म्हणतात आणि तिच्या मालकाला भाटकार. गिरगावातल्या मुगभाट या नावातला ‘भाट’ त्याच कुळातला आहे. ‘भट’ आडनावाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह आवरावा.

हद्दी का टिकल्या, याचे उत्तर जमिनीच्या धारापद्धतीत आहे. १६७४ मध्ये गव्हर्नर जेराल्ड ऑंजिए याने मुंबईच्या जमीनधारकांशी करार केला. धारकांनी मिळून दरसाल २०,००० शेराफिन (पोर्तुगीज काळातले नाणे) द्यायचे आणि त्यांच्या जमिनींचा कब्जा निर्धास्त राहायचा, असा तो व्यवहार. यातून ‘पेन्शन अँड टॅक्स’ ही धारा आली. तिच्या जोडीला फोरास, टोका, इनाम, सनदी आणि फजिंदारी असे प्रकार होते. गिरगावच्या वाड्या समजून घ्यायला फजिंदारी महत्त्वाची. फजिंदार जमिनीचा मालक. त्या जमिनीवर घर बांधणारा त्याला भुईभाडे देई, घर मात्र स्वतःचे. म्हणजे एका वाडीत वीस घरमालक झाले तरी खालची जमीन एकाच नावावर राहू शके. घरे विकली, पाडली, पुन्हा बांधली गेली. वाडीची बाहेरची रेघ हलवण्याचे कारण कुणालाच नव्हते. खोताची वाडी हे ठळक उदाहरण. वामन हरी खोत या पाठारे प्रभू मालकाचे नाव वाडीला राहिले, आणि घरे प्रामुख्याने ईस्ट इंडियन (मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती) कुटुंबांची झाली.

वाडीचा आकारही बागेचाच. रस्त्याला तोंड चिंचोळे आणि आत लांबवर पट्टा. आतली वाट विहिरीकडे जाणार, वळण बांधाला धरून घेणार आणि मागच्या कुंपणाला जाऊन संपणार. गल्ली मध्येच काटकोनात का वळते, याचे कारण शोधताना आधी तिथे दोन बागांचा सांधा होता का ते पाहावे.

१७ फेब्रुवारी १८०३ ला कोटात, म्हणजे किल्ल्याच्या तटाआतल्या वस्तीत, मोठी आग लागली आणि कोटाबाहेरच्या वस्तीला जोर आला. पण गिरगाव खऱ्या अर्थाने भरले ते नंतर. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ मध्ये कापसाचा पैसा मुंबईत आला. १८६४ च्या गणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. तेजी फुटल्यावर १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ वर उतरली. १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते बॅकबे गाडी धावू लागली, आणि गिरगावचा किनारा व वाड्या यांच्यामध्ये रुळांची पट्टी आली.

नेमक्या याच काळातला, १८६५ ते १८७२ चा, लॉटनचा सर्व्हे आहे. कर्नल जॉर्ज लॉटन याच्या देखरेखीखाली झालेली ही मोजणी गिरगावसाठी सर्वांत उपयोगी. मात्र तिच्या तक्त्यांत (नकाशाच्या पानांत) तेजीने वाढवलेले आणि मंदीने अर्धवट सोडलेले शहर दिसते, हे विसरू नये. मोकळा तुकडा दिसला म्हणून तो जुनी बागच असेल असे नाही. फसलेल्या बांधकामाचीही ती जागा असू शकते. त्याआधीची मोजणी कॅप्टन थॉमस डिकिन्सनची, १८११ ते १८२७. नंतरची, आज कायद्याने चालणारी, १९१५ च्या सिटी सर्व्हे कायद्याखालची. तिचे क्रमांक म्हणजे आपले सी. एस. नंबर.

गोंधळ इथेच सुरू होतो. एकाच जमिनीला कलेक्टरचा जुना नंबर, नवा नंबर, जुना सर्व्हे, नवा सर्व्हे, लॉटन सर्व्हे, सी. एस. नंबर, शिवाय महापालिकेचा वॉर्ड नंबर आणि रस्त्यावरचा घर नंबर असू शकतो. जुन्या खतात हे सगळे एका दमात लिहिलेले असतात आणि मधले लेबल वाचायचे राहून जाते. सर्रास होणारी चूक म्हणजे वॉर्ड नंबर हाच सर्व्हे नंबर समजून भलताच तक्ता उघडणे. सी. एस. नंबरसोबत विभागाचे नावही हवे: ‘गिरगाव विभाग’, ‘भुलेश्वर विभाग’ असे. तोच आकडा दोन्ही विभागांत असतो. हे महसुली विभाग आणि महापालिकेचे ‘सी’ व ‘डी’ प्रभाग यांच्या हद्दी जुळत नाहीत. लोकांच्या बोलण्यातले गिरगाव या दोन्ही प्रभागांत पसरलेले आहे.

मालमत्ता पत्रक आणि सी. एस. नकाशाचा उतारा जिल्हाधिकारी, मुंबई शहर यांच्या अखत्यारीतल्या नगर भूमापन कार्यालयातून मिळतो. जुन्या जकात घरात ही दफ्तरे आहेत. जुना पत्रव्यवहार आणि नकाशे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. मागणी करताना इंग्रजी नावाच्या सगळ्या वर्तण्या लिहून न्याव्यात. ‘गिरगाम’, ‘गिरगाव’, ‘गिरगाऊम’ अशा तीन ठिकाणी एकच विषय विखुरलेला असतो. पत्रकावरचे जुने क्षेत्रफळ चौरस वारात असते. १ चौरस वार म्हणजे ९ चौरस फूट, ०.८३६ चौरस मीटर; १२१ चौरस वारांचा १ गुंठा.

हातात आलेल्या नकाशावर साल नसेल, किंवा छपाईचे असेल आणि मोजणीचे नसेल, तर काय आहे यापेक्षा काय नाही ते पाहावे. बॅकबेचा रेल्वेमार्ग नसेल तर मोजणी १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धाच्या अलीकडची नाही. डोंगरीकडून चौपाटीकडे आडवा गेलेला सँडहर्स्ट रोड, म्हणजे आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, नसेल तर ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अलीकडची नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने तो रस्ता आणि प्रिन्सेस स्ट्रीट दाट वस्ती कापून काढले. असा रस्ता वाडीतून गेला की वाडीचे दोन तुकडे होतात, आणि पलीकडच्या तुकड्याला दोन पिढ्यांत दुसरेच नाव चिकटते. तिथे नकाशाशिवाय इलाज नाही. मरीन ड्राइव्हची कमान दिसली तर नकाशा बराच नंतरचा. एक सावधगिरी: आखलेला, पण न बांधलेला रस्ताही काही नकाशांवर तुटक रेघेने असतो. तुटक रेघ पुरावा म्हणून धरू नये.

मग प्रमाण. नकाशावर ‘४० फूट = १ इंच’ असेल तर ते १:४८०; त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर २४ सेंटिमीटर व्यापते. ‘१ मैल = १ इंच’ असेल तर ते १:६३,३६०, आणि तीच रेघ जवळपास ३२ मीटरची होते. म्हणजे अख्खी गल्ली आणि दोन्ही बाजूंची घरे रेघेखाली. असल्या नकाशावरून ‘आमची वाडी इथपर्यंत होती’ असा वाद घालण्यात अर्थ नाही. शिवाय कागद आक्रसतो, आणि उभ्या-आडव्या दिशांना सारखा आक्रसत नाही. लिहिलेल्या प्रमाणावर विसंबू नये; छापलेली मोजपट्टी मोजावी, आणि ती आडवी असेल तर उभ्या दिशेचे एखादे ओळखीचे अंतर वेगळे तपासावे.

जुना तक्ता आजच्या नकाशावर बसवायला क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. तक्ता सपाट ठेवून ३०० ते ४०० डीपीआयला स्कॅन करावा. मोबाइलचा तिरका फोटो नको, त्याने कडा ताणल्या जातात. मग दोन्हीकडे सापडणारे बिंदू निवडायचे. साध्या रूपांतराला ३ बिंदू पुरतात, पण चूक कळण्यासाठी ६ ते ८ हवेत, आणि ते चारही कोपऱ्यांत विखुरलेले. गिरगावात सांधे म्हणून धरण्याजोग्या जागा म्हणजे पोर्तुगीज चर्चचे आवार, ठाकुरद्वारचा नाका, फ्रेंच ब्रिजची टोके. यांतही बिंदू धरण्याआधी शंका घ्यावी: नाक्याचा कोपरा रस्ता रुंदीकरणात मागे सरकतो, चर्चची इमारत नवी होते, रुळांची संख्या वाढते. म्हणून इमारतीच्या कोपऱ्यापेक्षा रस्त्यांच्या मध्यरेषा जिथे छेदतात तो बिंदू बरा. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ पद्धत सुरुवातीला वापरू नये. ती प्रत्येक बिंदू ओढूनताणून जुळवते आणि चुकीचा बिंदूही बरोबर दिसू लागतो. आधी साधे रूपांतर करून ज्या बिंदूची तफावत इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट आहे तो तपासावा.

नकाशाला पूरक म्हणून सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे खतातली चतुःसीमा. ‘पूर्वेस अमक्याचे ओर्ट, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस विहिरीकडे जाणारी वाट’ असे शब्द असतात. एका खताच्या पूर्वेचा शेजारी दुसऱ्या खतात मालक म्हणून सापडतो, आणि चार-पाच खतांत संबंध वाडी शिवली जाते. दिशा मात्र ढोबळ असतात. गिरगावातले मुख्य रस्ते नेमके उत्तर-दक्षिण नाहीत, त्यामुळे एका लेखनिकाची ‘पश्चिम’ दुसऱ्याची ‘उत्तर’ होते.

आता माणसे. १९४५ च्या सुमारास जन्मलेल्या माणसाची स्वतः पाहिलेली आठवण १९५० च्या मागे फारशी जात नाही. प्लेग, ट्रस्टची पाडापाड, घोडाट्रॅम हे सगळे ऐकीव. ऐकीव टाकाऊ नसते, पण टिपणात वेगळ्या रकान्यात जावे. साल विचारू नये, टेकू द्यावा. त्याहून वयस्करांसाठी गोदीतला स्फोट (१४ एप्रिल १९४४); इतरांसाठी संयुक्त महाराष्ट्राचा गोळीबार, १ मे १९६०, ट्रॅम बंद होणे. शेवटची ट्रॅम ३१ मार्च १९६४ ला धावली, पण मार्ग टप्प्याटप्प्याने बंद झाले होते. म्हणून ‘ट्रॅम गेली त्या साली’ म्हणणाऱ्याला कुठली ट्रॅम हेही विचारावे, नाहीतर सात-आठ वर्षांचा घोळ होतो.

‘पूर्वी इथे काय होते?’ या प्रश्नाला सगळीकडे तेच ठरीव उत्तर येते: सगळी झाडी होती. त्यापेक्षा वाट चालवावी. शाळेत जाताना गेटातून बाहेर पडल्यावर डाव्या हाताला काय? नळ कुठे? गणपतीचा मांडव कुठल्या भिंतीला टेकून? १८९३ पासून केशवजी नाईक चाळीत चालत आलेल्या उत्सवामुळे गिरगावात मांडवाची जागा ही पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहणारी खूण झाली आहे. तळमजल्यावरच्या आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाला वेगवेगळे विचारावे. वरच्याला मागची कौले आणि शेजारच्या वाडीचे कुंपण ठाऊक असते. खालच्याला मोरी, पाण्याचा उतार आणि विहीर.

विहिरीवर नकाशा आणि आठवण सर्वांत छान जुळतात. विहारचे पाणी १८६० मध्ये आले तरी वाड्यांतल्या विहिरी वापरात राहिल्या. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांच्या अहवालाने शहरातल्या मलेरियाचे डास या विहिरींत वाढतात हे दाखवले, आणि विहिरी बुजवणे, झाकणे सुरू झाले. त्यामुळे मोठ्या प्रमाणाच्या जुन्या तक्त्यावरचे छोटे वर्तुळ आज चौथरा, पंपाची खोली किंवा देवळी म्हणून भेटते. बुजवलेल्या विहिरीचा भराव वर्षानुवर्षे बसत राहतो; अंगणातली फरशी एकाच गोल भागात पुन्हापुन्हा खचत असेल तर तक्ता काढून पाहावा. नव्या इमारतीचा पाया घेणाऱ्यालाही ही माहिती आधी द्यावी.

नावांच्या बाबतीत आठवण फार सफाईदार असते, आणि तिथेच फसवते. चर्नी रोडचेच पाहा. जमशेटजी जिजीभॉय यांनी ठाकुरद्वारजवळ गुरांना फुकट चरण्यासाठी कुरण घेतले, म्हणून ‘चरणी’, अशी एक कथा. ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांची वस्ती, म्हणून, अशी दुसरी. पहिली जास्त लोकप्रिय आहे, कारण ती ऐकताक्षणी पटते. नेमक्या याच कारणासाठी तिच्याकडे जरा संशयाने पाहावे आणि दोन्ही टिपून ठेवाव्यात.

इमारतीच्या वयाबद्दल कागदही गुळमुळीत असतात. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींचा ‘अ’ वर्ग म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, ‘ब’ म्हणजे तिथून ३१ डिसेंबर १९५० पर्यंतची, ‘क’ म्हणजे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची. ‘अ’ वर्गावरून इमारत १८८० ची की १९३९ ची हे कळत नाही, तरी ‘शंभर वर्षे जुनी’ हे विधान बहुधा त्याच एका अक्षरावर उभे असते.

घाई कशाची, तर पुनर्विकासाची. मेट्रो ३ च्या गिरगाव स्थानकासाठी जगन्नाथ शंकरशेट मार्गालगतच्या काही जुन्या इमारती गेल्या. समूह पुनर्विकासात शेजारच्या वाड्या एकत्र येऊन भूखंडांचे एकत्रीकरण होते. त्यानंतर नवे मालमत्ता पत्रक बनते, नकाशावरची मधली रेघ पुसली जाते, आणि रोजच्या वापरातला उतारा फक्त नव्या भूखंडाचा मिळतो. म्हणून सोसायटीचा प्रस्ताव पुढे सरकण्याआधी प्रत्येक जुन्या सी. एस. नंबरचे पत्रक आणि नकाशाचा उतारा, दोन्हींच्या प्रमाणित प्रती, वेगवेगळ्या काढून ठेवाव्यात. विकासकाच्या फायलीत त्या असतातच, पण फाइल सोसायटीकडे परत येईलच असे नाही.