आधी चढली म्हणून कारण?

‘पंचगंगा आधी चढली, मग आयर्विन पुलाखाली कृष्णा, म्हणजे पंचगंगेनंच सांगलीत पाणी आणलं.’ पावसाळ्यात कट्ट्यावरचं हे ठरलेलं निदान. पण पंचगंगा कृष्णेला मिळते नरसोबाच्या वाडीला, सांगलीच्या खाली! (फुगवट्याचा, म्हणजे खालचं पाणी तुंबून वर चढण्याचा मुद्दा आहे, पण तो वेगळा.) दोघींना चढवतो सह्याद्रीतला पाऊस, एकीकडे तो लवकर पोचतो, दुसरीकडे उशिरा, इतकंच.

हाच गैरसमज आकडेवारीतही मुरलाय. काळानुसार नोंदलेल्या आकड्यांच्या एका मालिकेचा भूतकाळ दुसरीचा अंदाज सुधारत असेल, तर अर्थतज्ज्ञ क्लाइव्ह ग्रेंजर यांच्या १९६९च्या कसोटीनुसार आलेखात पहिलीकडून दुसरीकडे बाण काढतात आणि त्यालाच कारण समजतात. ग्रेंजर यांची मूळ कल्पना मात्र जगातली सगळी माहिती हाताशी आहे असं धरून होती. ती कुणाकडे असते? पावसाचा रकाना वगळला, की खोटा बाण उगवलाच.

म्हणून न मोजलेले घटक असतील तिथे आलेखात दुतोंडी बाणही ठेवतात: दोघांमागे तिसरा कुणी लपलाय, एवढंच तो म्हणतो. पावसाची नोंद घातल्यावर एकतोंडी बाण गळाला, तर तो खोटा होता. नाही गळाला, तरी कारण सिद्ध होत नाही. घाटात पर्जन्यमापकच नाही अशी कितीतरी ठिकाणं उरतात.