टेक्सास लाँगहॉर्न्स : २०२३ चा हंगाम

ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा ‘बिग ट्वेल्व्ह’ कॉन्फरन्समधील हा अखेरचा हंगाम होय. कॉन्फरन्स म्हणजे आपापसांत सामने खेळून स्वतःचा विजेता ठरवणारा आणि दूरचित्रवाणी हक्कांचे उत्पन्न वाटून घेणारा विद्यापीठांचा गट. १९९६ मध्ये बिग ट्वेल्व्हचे सामने सुरू झाले तेव्हापासून टेक्सास त्याचा सदस्य होता. जुलै २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा या दोन्ही विद्यापीठांनी साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये जाण्याचा निर्णय घेतला. मुदतीच्या एक वर्ष आधी बाहेर पडण्यासाठी दोघांनी मिळून दहा कोटी डॉलर सोडण्याचे फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केले. साहजिकच, निघालेल्या संघाला हरवून निरोप देण्याची ईर्षा उरलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला होती.

प्रशिक्षक स्टीव्ह सार्किशियन यांचे हे तिसरे वर्ष होते. ९ सप्टेंबर रोजी टस्कलूसा येथे टेक्सासने अलाबामाला ३४–२४ असे हरवले आणि अलाबामाची घरच्या मैदानावरील सलग २१ विजयांची मालिका तुटली. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, क्विन एवर्स याने ३४९ यार्डांच्या पासेससह तीन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले सहा गुण) साधले. ज्या कॉन्फरन्समध्ये जायचे होते तिच्याच बलाढ्य संघावरील हा विजय पुढे डिसेंबरमध्ये निर्णायक ठरला.

७ ऑक्टोबरला डॅलसमध्ये ओक्लाहोमाने शेवटची १५ सेकंद उरली असताना टचडाउन करून टेक्सासला ३४–३० असे नमवले. कॉन्फरन्समधील ही टेक्सासची एकमेव हार, आणि तीही सोबतच बाहेर पडणाऱ्या संघाकडून. बिग ट्वेल्व्हमध्ये मागे राहणाऱ्या एकाही संघाला त्या वर्षी टेक्सासला हरवता आले नाही. मात्र हे सहज घडले नाही. ह्यूस्टनविरुद्ध मोठी आघाडी गमावल्यानंतर ३१–२४ असा विजय मिळाला, पण त्यात एवर्सच्या खांद्याला दुखापत झाली आणि पुढील दोन सामन्यांत त्याच्या जागी मालिक मर्फी सुरुवातीपासून खेळला. त्यांपैकी कॅन्सस स्टेटविरुद्धचा सामना जादा वेळेत ३३–३० असा सुटला. टेक्सास ख्रिश्चनवरील २९–२६ या विजयाची किंमत अधिक जबर होती : १,१३९ यार्ड धावलेला जोनाथन ब्रूक्स गुडघ्याच्या दुखापतीने उर्वरित हंगामाला मुकला. बचावफळीत टव्हॉन्ड्रे स्वेट हा अढळ आधार होता. विद्यापीठ फुटबॉलमधील सर्वोत्तम आघाडीफळीच्या खेळाडूला दिले जाणारे आउटलँड पारितोषिक त्याला त्या वर्षी मिळाले.

घरच्या मैदानावरील अखेरच्या सामन्यात टेक्सास टेकचा ५७–७ असा धुव्वा उडाला. २ डिसेंबर रोजी आर्लिंग्टन येथील अंतिम सामन्यात एवर्सच्या ४५२ यार्डांच्या पासेसच्या बळावर टेक्सासने ओक्लाहोमा स्टेटला ४९–२१ असे हरवले. २००९ नंतरचे हे पहिले आणि एकूण चौथे बिग ट्वेल्व्ह विजेतेपद होते. दुसऱ्या दिवशी निवड समितीने टेक्सासला तिसरे आणि अलाबामाला चौथे मानांकन दिले, तर अपराजित फ्लोरिडा स्टेटला राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या चार संघांच्या प्लेऑफबाहेर ठेवले. या निवडीवर मोठा वाद झाला. पण अलाबामाला आत घेऊन तिला तिच्याच मैदानावर हरवणाऱ्या टेक्सासला वगळणे समर्थनीय ठरले नसते.

टेक्सासच्या या पहिल्याच प्लेऑफ सामन्यात, १ जानेवारी २०२४ रोजी न्यू ऑर्लीन्स येथील शुगर बोल या उपांत्य सामन्यात, वॉशिंग्टनने ३७–३१ असा विजय मिळवला. गोलरेषेजवळ पोहोचलेल्या एवर्सचा शेवटचा पास टचडाउनच्या टापूत अडवला गेला. बारा विजय आणि दोन पराभव अशी हंगामाची नोंद झाली. १ जुलै २०२४ रोजी टेक्सास आणि ओक्लाहोमा साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये अधिकृतपणे दाखल झाले.