डिस्क तीच, नाव मात्र बदललेले
(आमच्याकडून लिनक्स सर्व्हर बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सर्व्हर सुरू झाला की पहिला प्रश्न बहुधा हाच येतो: ‘यात सी आणि डी ड्राइव्ह कुठे आहेत?’ लिनक्समध्ये ते नसतात. युनिक्स या लिनक्सच्या पूर्वज ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या रीतीप्रमाणे प्रत्येक डिस्क एका फाइलच्या रूपात समोर येते आणि या फाइली ‘डेव्ह’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. पहिली डिस्क एसडीए, दुसरी एसडीबी. एसडीएचे पहिले पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) एसडीए१, दुसरे एसडीए२. स्क्रीनवर ही नावे रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत दिसतील.

या फाइलीत स्वतःचा मजकूर काही नसतो. तिच्यावर मेजर आणि मायनर असे दोन क्रमांक असतात. कोणत्या ड्रायव्हरकडे (डिस्क हाताळणाऱ्या प्रोग्रामकडे) जायचे हे मेजर सांगतो, तर त्याच्याकडची कोणती डिस्क आणि कोणते पार्टिशन हे मायनर. एसडीएचे क्रमांक ८ आणि ०, एसडीए१चे ८ आणि १, एसडीबीचे थेट ८ आणि १६, कारण मधले १५ एसडीएच्या पार्टिशनांसाठी राखलेले आहेत. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्येही मायनर क्रमांकातूनच पार्टिशन ओळखले जाई. पण ते कुठून कुठपर्यंत आहे, हे तेव्हा ड्रायव्हरच्या कोडमध्येच लिहिलेले असे. आता ते डिस्कवरच्या पार्टिशन टेबलमध्ये असते. म्हणून तुमची डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स मशीनला लावली, तरी पार्टिशने तशीच दिसतात.

एसडीए१चा पहिला सेक्टर (डिस्कवरचा सर्वांत लहान तुकडा) मागितला, की कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याच्या क्रमांकात पार्टिशनच्या सुरुवातीचा आकडा मिळवतो (हल्ली बहुधा २०४८) आणि डिस्कवरचा तो सेक्टर आणून देतो. पार्टिशनच्या हद्दीबाहेरची मागणी तो नाकारतो. एसडीएला ही हद्द नाही. ती अख्खी डिस्क आहे, टेबलसकट. त्यामुळे एसडीए१ ऐवजी एसडीएवर डीडी या थेट डिस्कवर लिहिणाऱ्या कमांडने काही लिहिले, तर टेबलच पुसले जाते.

आता सर्वांत महत्त्वाचे. एसडीए, एसडीबी ही नावे डिस्कची कायमची नावे नाहीत. दवाखान्यातल्या टोकनसारखी ती सापडण्याच्या क्रमाने मिळतात. सर्व्हर यूएसबी डिस्क लावलेली असताना रीस्टार्ट केला किंवा केबल दुसऱ्या पोर्टमध्ये गेली, तर कालची एसडीबी आज एसडीसी होऊ शकते. यात बिघाड काही नाही. पण बॅकअपची स्क्रिप्ट ‘एसडीबी’ या नावावर विसंबून असेल, तर ती चुकीच्या डिस्कवर लिहील.

म्हणून आम्ही एफएसटॅब या फाइलमध्ये (सुरू होताना कोणते पार्टिशन कुठे जोडायचे याची यादी) नेहमी यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक) वापरतो. तो फॉरमॅट करताना फाइल सिस्टिममध्येच लिहिला जातो आणि पोर्ट बदलला तरी बदलत नाही. मात्र पुन्हा फॉरमॅट केल्यास नवा यूयूआयडी मिळतो, आणि डिस्कची हुबेहूब नक्कल केली तर दोन्हींवर एकच राहतो. अशा दोन डिस्क कृपया एकाच वेळी जोडू नका. डिस्क प्रत्यक्ष ओळखायची असेल, तर ‘डेव्ह’मधल्या ‘डिस्क’ फोल्डरात ‘बाय-आयडी’ पाहा. तिथल्या नावात मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. तोच नंबर डिस्कच्या लेबलवर छापलेला असतो.

काही किरकोळ शंका. एसडीए२ नंतर एकदम एसडीए५ दिसले तर घाबरू नका: पार्टिशन टेबलच्या जुन्या एमबीआर पद्धतीत प्रायमरी पार्टिशने चारच असतात आणि लॉजिकलची (त्यांपैकी एकाच्या आत केलेल्या पार्टिशनांची) मोजणी पाचपासून सुरू होते. एमबीआर ५१२ बाइटच्या सेक्टरवर सुमारे २ टीबीपर्यंतच पोहोचते, त्यामुळे मोठ्या डिस्कना आम्ही जीपीटी ही नवी पद्धत वापरतो. एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडीचा एक प्रकार) असेल तर नाव ‘एनव्हीएमई०एन१पी२’ असे दिसेल: कंट्रोलर ०, नेमस्पेस (त्या कंट्रोलरकडचा साठवणुकीचा विभाग) १, पार्टिशन २. आणि १ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबी दिसते, त्यात जागा हरवलेली नाही. उत्पादक १००० च्या पटीत मोजतात, डिस्कची यादी दाखवणारी लिनक्सची एलएसबीएलके कमांड १०२४ च्या पटीत.

डिस्कची तक्रार कळवताना एलएसबीएलकेच्या स्क्रीनचा फोटो आणि डिस्कचा सिरियल नंबर सोबत पाठवा. फक्त ‘एसडीबी बंद पडली’ एवढ्यावरून आम्ही डिस्क काढायला सांगणार नाही.