शिडाच्या बोटीवर इंटरनेट: परवाने, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

लांबच्या सफरीला निघणारे बहुतेक जण आधी डिश घेतात, मग सिम, आणि कागदांची आठवण होते ती परक्या बंदरात कस्टम्सचा फॉर्म हातात पडल्यावर. क्रम नेमका उलटा हवा. व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याचा रेडिओ), एसएसबी (लांब पल्ल्याचा रेडिओ), एआयएस (बोटीची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र), रडार, सॅटेलाइट टर्मिनल ही सगळी प्रसारण करणारी यंत्रं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीचं १८ वं कलम सांगतं की असं खासगी केंद्र सरकारी परवान्याशिवाय चालवता येत नाही. हे सरकार कोणतं? बोटीवर ज्या देशाचा ध्वज आहे त्याचं. मालकाचा पासपोर्ट दुसऱ्याच देशाचा असला तरी अर्ज तिथेच करायचा.

बोटीचा रेडिओ परवाना

अर्जदार म्हणजे बोटीचा मालक, त्यामुळे बोटीची नोंदणी आधी पूर्ण हवी. साधारणपणे नोंदणीचा तपशील, मालकाची ओळख आणि पत्ता, बोटीवरच्या यंत्रांची यादी आणि आणीबाणीत कळवायच्या किनाऱ्यावरच्या माणसांचे नंबर एवढं लागतं. परवान्यासोबत कॉल साइन (रेडिओवर बोटीची ओळख सांगणारं चिन्ह) आणि एमएमएसआय हा बोटीचा नऊ आकडी रेडिओ ओळख क्रमांक मिळतो.

ब्रिटनमध्ये हा परवाना ऑफकॉम ही दूरसंचार नियामक संस्था देते. ऑनलाइन अर्जाला पैसे पडत नाहीत, मात्र दर दहा वर्षांनी तपशील बरोबर असल्याचं कळवावं लागतं. अमेरिकेत एफसीसी या तिथल्या दूरसंचार नियामकाकडे आधी एफआरएन हा नोंदणी क्रमांक घ्यायचा, मग ६०५ क्रमांकाचा फॉर्म भरायचा. परवाना दहा वर्षांचा. देशातल्या देशात फिरणाऱ्या छोट्या खासगी बोटीला तिथे साध्या व्हीएचएफसाठी परवाना लागत नाही. परदेशी बंदराला जायचं ठरलं की लागतो.

खरी गोम एमएमएसआयमध्ये आहे. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. अमेरिकेत काही संस्था किनारी वापरासाठी पटकन एमएमएसआय देतात, पण तो आंतरराष्ट्रीय यादीत जात नाही. परदेशी निघताना एफसीसीकडून नवा घ्यावा लागतो, आणि तोवर जुना क्रमांक व्हीएचएफ आणि एआयएसमध्ये भरून झालेला असतो. बहुतेक सेटमध्ये मालकाला हा क्रमांक एकदाच भरता येतो; बदलायचा तर सेट उचलून विक्रेत्याकडे किंवा कंपनीकडे. म्हणून पुढे कधीतरी सीमा ओलांडायचा विचार असेल, तर पहिला अर्जच परदेश सफरीचा धरून करा.

ईपर्बची (संकटात उपग्रहाला इशारा पाठवणाऱ्या यंत्राची) नोंदणी वेगळी, पण त्याच बैठकीत उरकून घ्यावी. त्याच्या लेबलवर १५ अक्षरी हेक्स कोड (आकडे आणि ए ते एफ या अक्षरांचा ओळख क्रमांक) असतो, तो फॉर्मवर उतरवताना शून्य की डी, आठ की बी हे दोनदा तपासा. अमेरिकेत ही नोंदणी मोफत असून दर दोन वर्षांनी नवी करावी लागते.

चालवणाऱ्याचा दाखला

बोटीचा परवाना वेगळा आणि रेडिओवर बोलणाऱ्याचा दाखला वेगळा. व्हीएचएफसाठी बऱ्याच देशांत एसआरसी नावाचा छोटा कोर्स आणि परीक्षा असते, लांब पल्ल्याच्या एसएसबीसाठी एलआरसी. अमेरिकेत मर्यादित परवाना परीक्षेशिवाय आणि आयुष्यभरासाठी मिळतो.

एसएसबीवरून ईमेल पाठवणारे अजून आहेत, आणि त्यांना दोन रस्ते. विनलिंक ही ईमेल सेवा मोफत आहे, पण तिला हॅम (हौशी रेडिओ) परवाना लागतो आणि धंद्याचा पत्रव्यवहार चालत नाही. सेलमेल बोटीच्या रेडिओ परवान्यावर चालतं, त्याची वर्गणी भरावी लागते. हॅमचा परवाना दुसऱ्या देशाच्या हद्दीत आपोआप चालत नाही. युरोपात सेप्ट या दूरसंचार प्रशासनांच्या संघटनेच्या टी/आर ६१-०१ शिफारशीमुळे सोय झाली आहे, इतरत्र आधी विचारलेलं बरं.

सॅटेलाइटचं खातं

इथे सरकारी कागद कमी आणि कंपनीच्या अटी जास्त. ओळख, पत्ता, कार्ड यावर काम होतं. इरिडियम या सॅटेलाइट फोन सेवेचे ६६ उपग्रह ध्रुवापासून ध्रुवापर्यंत पोचतात, पण साध्या जोडणीवर हवामानाची छोटी फाइल उतरवतानाही धीर धरावा लागतो. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरत असल्याने वेग घरच्यासारखा असतो. मात्र त्याचा प्रवासी प्लॅन खुल्या समुद्रासाठी नसतो, तिथे वेगळा डेटा घ्यावा लागतो. खात्याच्या देशाबाहेर दोन महिन्यांहून जास्त राहिलात तर पत्ता बदलायला सांगितलं जाऊ शकतं. प्लॅनची नावं आणि अटी फार लवकर बदलतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचा.

किनाऱ्यावरचं सिम

पासपोर्ट लागतो, कधी प्रवेशाचा शिक्काही. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका सदस्य देशाचं सिम दुसऱ्यात देशातल्याच दराने चालतं, अर्थात वाजवी वापराच्या मर्यादेत. तुर्कस्तानात बाहेरून आणलेला फोन नोंदवला नाही तर १२० दिवसांनंतर तिथल्या सिमवर बंद पडतो. शेजारी मोठं प्रवासी जहाज नांगरलं असेल तर फोनचं रोमिंग बंद ठेवा; जहाजाचं नेटवर्क पकडलं तर बिल पाहून डोळे पांढरे होतील.

परक्या हद्दीत शिरण्याआधी

किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैलांच्या आत त्या देशाचा कायदा आडवा येतो. सिग्नल मिळतो म्हणून परवानगी आहे असं समजू नये. भारतात इरिडियम किंवा थुराया यांचे सॅटेलाइट फोन संच दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, आणि असे संच बाळगल्याबद्दल परदेशी प्रवाशांना अटकही झाली आहे. अशा बंदरासाठी एजंटमार्फत आधीच लेखी विचारा.

प्रत्येक यंत्राचं नाव, मॉडेल, अनुक्रमांक, आयएमईआय आणि परवाना क्रमांक एका पानावर टाइप करून त्याच्या चार-पाच प्रती बोटीच्या फाइलमध्ये ठेवा. कस्टम्सला हेच पान हवं असतं. त्यावरचं बोटीचं नाव नोंदणी प्रमाणपत्राशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं, कारण स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकानेही अधिकाऱ्याला संशय येतो. संच सील करायला सांगितला तर वाद न घालता करू द्या आणि पावती घ्या, ती निघताना दाखवावी लागते.

बोट विकली तर रेडिओ परवाना परत करायचा आणि ईपर्बची नोंदणी नव्या मालकाच्या नावावर करून द्यायची. नाहीतर त्याच्या संकटाचा फोन मध्यरात्री तुमच्या घरी येईल.