मुलाच्या हातून गुन्हा घडतो तेव्हा

मुंबईत डोंगरीजवळ उमरखाडीला मुलांचे निरीक्षणगृह, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशीच्या काळात ठेवण्याची जागा, आहे; जुने रहिवासी त्याला अजूनही रिमांड होमच म्हणतात. ही जागा मुळात तुरुंगाची. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ मध्ये १०१ दिवसांची कैद भोगली ती याच डोंगरीच्या तुरुंगात. त्याच जागी आज मुलांना ठेवायचे, पण कैदी मानायचे नाही, असे कायदा बजावतो. कायद्याच्या या आग्रहामागे दयाबुद्धी आहेच. शिवाय वाढत्या मेंदूविषयीचे भक्कम ज्ञानही आहे.

वयात येताना थराराची आणि बक्षिसाची ओढ लावणारी मेंदूतील यंत्रणा लवकर जोर धरते. परिणामांचा विचार करून आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ एकट्याने, तर काहींना सोबत्यांच्या देखत खेळायला दिला. सोबती असताना १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी जवळजवळ दुप्पट धोका पत्करला. २४ वर्षांवरील प्रौढांवर सोबतीचा परिणाम दिसला नाही. दोस्तांच्या भरीला पडून रात्री कोणाची तरी मोटारसायकल पळवणारा वस्तीतला पोरगा एकटा असता, तर बहुधा तिच्याकडे फिरकलाही नसता. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडल्याप्रमाणे अशा बहुतेक मुलांची गुन्ह्याची वाट वयाबरोबर सुटते. ती आयुष्यभर न सोडणारे थोडेच असतात.

म्हणूनच २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलांची प्रकरणे ऐकणाऱ्या बाल न्याय मंडळाच्या हाती एकच काठी दिलेली नाही. समज देऊन घरी पाठवणे, समुपदेशन, समाजसेवेचे काम, पालकांना दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर जास्तीत जास्त ३ वर्षे परिवीक्षेखाली, म्हणजे देखरेखीखाली, सोडणे आणि अगदी शेवटी ३ वर्षांपर्यंत विशेष गृह, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांना सुधारण्यासाठी ठेवण्याची संस्था, असे हे पर्याय आहेत. मंडळाची खोलीही कोर्टासारखी दिसू नये, असा नियम आहे: उंच चौथरा नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही, समोर एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांपैकी निदान एक महिला.

माझ्या मते या व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे परिवीक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपास अहवाल. मुलगा शाळेतून केव्हा आणि का गळाला, घरात कोण कमावते, मारहाण होते का, नशा आहे का, ऊठबस कोणाबरोबर आहे, हे त्यात लिहायचे असते. तो घाईत, चार ठरावीक वाक्यांत उरकला, तर मंडळापुढे मुलगा उरत नाही, फक्त गुन्ह्याचे कलम उरते.

ज्या गुन्ह्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे, असा निर्घृण गुन्हा १६ वर्षांवरील मुलाच्या हातून घडल्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याच्या समजुतीचे आणि परिस्थितीचे प्राथमिक मूल्यांकन करते आणि त्यावरून प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकते, जिथे त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. तिथेही फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही आणि २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाला मोठ्यांच्या तुरुंगात धाडता येत नाही. पीडित कुटुंबाचा संताप मला समजतो. त्यांचे दुःख मुलाच्या वयामुळे हलके होत नाही. पण जबर धाकाने मुले सुधारतात, या समजुतीला पुरावा साथ देत नाही. अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी घाबरवण्याचे कार्यक्रम झाले; त्यांच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा त्यांत गेलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा पुढे जास्त गुन्हे केल्याचे आढळले. मोठ्यांच्या न्यायालयात पाठवलेल्या मुलांबाबतही तिथला अनुभव असाच आहे. याउलट घरच्यांना सोबत घेऊन केलेले समुपदेशन आणि कौशल्यशिक्षण यांचा परिणाम नुसत्या कडक शिस्तीपेक्षा चांगला दिसतो.

बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून दोषी ठरवलेली मुले वगळता इतरांच्या दोषसिद्धीच्या नोंदी, अपिलाची किंवा नियमातील मुदत संपल्यावर, नष्ट करायच्या असतात. पुढे नोकरीसाठी पोलीस पडताळणी झाली, तरी ते जुने प्रकरण त्या तरुणाच्या आड येता कामा नये, असे कायदा सांगतो.