पॉलीहाऊसचा पेपर बदलणे (गोवा)

पॉलीहाऊसच्या सांगाड्यावरचे जीर्ण प्लॅस्टिक उतरवून नवे ताणून बसवण्याचे काम. शेतकरी ज्याला ‘पेपर’ म्हणतात ती असते पॉलिथिनची बहुस्तरीय फिल्म. जाडी बहुधा 200 मायक्रॉन, म्हणजे एका किलोत साधारण साडेपाच चौरस मीटर. उन्हाने लवकर कुजू नये म्हणून तिच्यात अतिनील किरणरोधक द्रव्ये मिसळलेली असतात, तरी तीन-चार वर्षांत ती बदलावीच लागते.

थंड मुलखात हरितगृह उभारतात ते उबेसाठी. गोव्यात उबेची ददात नाही. इथे पेपर म्हणजे आधी छप्पर. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जरबेरा, ढोबळी मिरची, काकडी, ऑर्किड यांना तो थेट अंगावर घेणे झेपत नाही. त्यामुळे पेपर कधी बदलायचा हेही, घराच्या शाकारणीप्रमाणे, पावसाकडे बघूनच ठरते.

पेपर आधी फाटतो तो जिथे पाइपला टेकतो तिथे. उन्हात तापलेला पाइप फिल्म त्या रेषेत कडक करतो आणि वारा तिथेच चिरतो. गंधकाच्या वारंवार फवारण्यांनीही किरणरोधक द्रव्ये निकामी होतात. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने पाइप गंजतो, आणि गंजाचे खवले कानशीसारखे घासत राहतात. डिचोली-सत्तरीकडे तांबडी धूळ आणि पावसाळ्यातले शेवाळ मिळून उजेड अडवतात. झाडे उंच पण लेचीपेची होऊ लागतात. मात्र नुसता मळ असेल तर मऊ कापडाने आणि पाण्याने धुऊन बघावे. धुण्याने भागत असताना नव्या पेपरवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

पाडव्यानंतर, मेच्या मध्यापूर्वी पेपर चढवण्याकडे कल असतो. अगदी शेवटपर्यंत थांबणे धोक्याचे. 2021 साली 16 मेच्या सुमारास तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. पेपर फाटका असेल तर पावसाआधी पर्याय नाही. तो शाबूत पण अंधूक झाला असेल, तर पाऊस सरल्यावर बदललेला बरा: कोरा पेपर शेवाळात न माखता थेट फुलांच्या हंगामाच्या उजेडाला लागतो.

काम सकाळी, समुद्रावरचा वारा सुटण्याआधी उरकतात. प्रोफाइल नावाच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत खुपसलेल्या झिगझॅग स्प्रिंगा उपसल्या की जुना पेपर सुटतो. सांगाडा उघडा पडतो तेव्हाच नटबोल्ट आवळणे, गंज घासून पांढरा रंग देणे, टोकदार सांध्यांवर टेप गुंडाळणे ही कामे करून घ्यावीत. पुढे तीन वर्षे तिथे हात पोचत नाही. नव्या फिल्मच्या कडेत गोटा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधतात, म्हणजे ओढताना फिल्म भोकसत नाही. दोऱ्या माथ्यावरून पलीकडे टाकून गाळ्यामागून गाळा (खांबांच्या दोन रांगांमधला भाग) झाकत जातात. दव न ठिबकू देणारी बाजू आत यायला हवी. ती उलटी बसली तर दमट हवेत पिकावर थेंब पडत राहतात आणि बुरशी धरते. एक कड पक्की करून दुसरी ओढतात. स्प्रिंग मधून टोकांकडे भरत गेले की सुरकुत्या बाहेर सरकतात. ताण मात्र बेताचा हवा. भर उन्हात खेचून बसवलेली फिल्म रात्री आकसून स्प्रिंगपाशी फाटते, आणि ढिली राहिली तर पावसाचे पाणी साचून पोट धरते. वर चढणारे अनवाणी असतात. दोन गाळ्यांमधल्या पाण्याच्या पन्हळीतून चालतात, फिल्मवर पाय देत नाहीत.

काकडी किंवा मिरचीचे पीक काढून झाल्यावर हे सगळे सोपे असते. ऑर्किडची गोष्ट वेगळी. डेंड्रोबियमची झाडे वर्षानुवर्षे जागच्या जागी असतात आणि उघड्या उन्हात त्यांची पाने एका दिवसात भाजतात. म्हणून आतली शेडनेट तशीच ताणलेली ठेवून एका वेळी एकच गाळा उघडतात. मजुरी वाढते, पण ती वाचवायच्या नादात झाडे गमावणे महागात पडते.

उतरवलेला पेपर सहसा वाया जात नाही. त्याचे धड तुकडे पावसाळ्यात लाकडे आणि चुडतांच्या (माडाच्या झावळ्यांच्या) ढिगावर घालतात. बाकीचा झटकून, सुकवून भंगारात दिला तर पुनर्वापर होतो. मातीने माखलेला कोणी घेत नाही. तो शेताच्या कडेला जाळण्याची सवय वाईटच, धूर विषारी असतो.